येशू देव आहे का? त्रैक्याच्या वादावर घरगुती अभ्यासगट कसा चालवावा

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत एकाच नातेसंबंधात दोन-तीन पंथ नांदणे आता नवलाचे राहिलेले नाही. माझे माहेर मरोळचे, ईस्ट इंडियन कॅथलिक. सासर मूळचे अहमदनगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट. आणि जवळच्या नात्यातले एक कुटुंब काही वर्षांपूर्वी ‘यहोवाचे साक्षीदार’ या नाताळ न पाळणाऱ्या पंथात गेले. डिसेंबर उजाडला आणि घरात गोठा मांडायला घेतला, की हे कुटुंब नाताळाला येणार नाही याची आठवण निघते, मग कोणीतरी त्यामागचे कारण विचारते, आणि थोड्याच वेळात बोलणे नाताळावरून येशूवर येते: तो देव आहे, की देवाने सर्वांआधी निर्माण केलेला देवाचा पुत्र आहे? पोप, मारिया, संत आणि मिस्सा यांवर ज्यांचे एकमत होत नाही, ते माझे माहेर आणि सासर या एका प्रश्नावर मात्र एकाच बाजूला उभे राहतात, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मला फार आश्चर्य वाटले होते.

हा वाद टाळता येतो किंवा चिघळू देता येतो. पण चार रविवार, दर वेळी दीड तास, शांतपणे बसून तो अभ्यासताही येतो. पुढचे मार्गदर्शन असा गट आपल्या घरी बोलावू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. मी स्वतः त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मानते आणि ते मनापासून मानते. हे आधीच सांगते, कारण गट चालवणाऱ्या व्यक्तीने आपली बाजू लपवली तर ती कशी ना कशी उघडी पडतेच, आणि मग तिच्या निःपक्षपातीपणावर कोणाचा विश्वास राहत नाही.

पहिल्यांदा मी असा गट बोलावला तेव्हा माझ्याकडे उत्तरांची वही तयार होती. साक्षीदार झालेल्या नातेवाइकांनी एक वचन वाचले, की मी त्यावर तीन वाचत असे. दुसऱ्या रविवारी ते आले, तिसऱ्या रविवारी आले नाहीत. आणि त्यांचे म्हणणे नेमके काय होते असे कोणी मला त्या वेळी विचारले असते, तर मला ते धड सांगता आले नसते. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचे अशी रीत आहे. पूर्वपक्ष असा मांडायचा, की समोरच्याने “होय, हेच माझे म्हणणे” अशी कबुली द्यावी. ही कबुली मिळेपर्यंत उत्तर द्यायचे नाही, हा एकच नियम मी तेव्हापासून पाळते, आणि पुढचे सगळे त्या नियमाभोवती उभे आहे.

बसण्यापूर्वी

आठ-दहा माणसे पुरेत. त्याहून जास्त झाली तर भाषणे सुरू होतात. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’, कॅथलिक मंडळी वापरतात ते बायबल, मिळाल्यास पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले सोप्या मराठीतले भाषांतर आणि साक्षीदारांचे ‘नवे जग भाषांतर’ अशी निदान तीन-चार भाषांतरे मेजावर असावीत. कोणाला थोडीफार ग्रीक येत असेल तर उत्तम, नसेल तर शब्दाखाली शब्दार्थ देणारी ग्रीक प्रत मोबाइलवर उघडून ठेवावी. भिंतीवर एक मोठा कागद लावावा.

प्रार्थनेचे मात्र आधी ठरवून ठेवावे. ही बाब किरकोळ वाटते, पण पहिली बैठक नेमकी इथेच मोडू शकते. कॅथलिक माणूस बसल्याबरोबर क्रुसाची खूण करतो आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने सुरुवात करतो. म्हणजे ज्या गोष्टीवर वाद आहे तिचीच कबुली तो बैठकीच्या आरंभी देतो. यहोवाचे साक्षीदार इतर पंथीयांबरोबर सामुदायिक प्रार्थनेत सहभागी होत नाहीत, आणि क्रूस हे चिन्हही त्यांना मान्य नाही. म्हणून दोन मिनिटे शांत बसून सुरुवात करावी, आणि ज्याला प्रार्थना करायची आहे त्याने ती घरून निघताना करून यावे. माझ्या सासूबाईंना हे सुरुवातीला जड गेले. देवाच्या वचनाला प्रार्थनेवाचून हात घालायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडण्यासारखे नव्हते. त्यांची अडचण खरी होती आणि मी ती तशीच मान्य केली.

पहिला रविवार: वाद कोणाकोणाचा आहे

“येशू देव आहे की नाही” या प्रश्नाला दोनच उत्तरे असतील असे वाटते, पण ख्रिस्ती इतिहासात निदान चार ठळक उत्तरे दिली गेली आहेत, आणि गटातल्या निम्म्या गैरसमजांचे मूळ तिसरे आणि चौथे उत्तर माहीत नसण्यात असते. ती वेगळी काढण्यासाठी प्रत्येक मताला तीन प्रश्न विचारावेत. मारियेच्या पोटी जन्मण्यापूर्वी पुत्र होता का? होता, तर तो निर्माण केला गेला का? आणि त्याची उपासना करावी का?

इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेचे उत्तर असे: पुत्र अनादि काळापासून आहे, तो पित्यापासून जन्मलेला आहे पण निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, आणि म्हणून त्याची उपासना करणे योग्यच आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मानतात. ज्याच्यामुळे ही परिषद भरली तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणत असे, की पुत्र सृष्टीच्या आधीपासून आहे खरा, पण तोही पित्याच्या इच्छेने अस्तित्वात आला, आणि तो नव्हता असाही एक क्षण होता. यहोवाच्या साक्षीदारांचे मत या दुसऱ्या उत्तराच्या जवळ जाते: येशू ही देवाची पहिली निर्मिती, तोच प्रमुख देवदूत मीखाएल, आणि पवित्र आत्मा म्हणजे देवाची कार्यकारी शक्ती. मात्र एक फरक नोंदवून ठेवावा. प्राचीन अरियसपंथी ख्रिस्ताची उपासना करीत असत, आणि निर्मिलेल्याची उपासना तुम्ही कशी करता, असा निकेयाच्या बाजूचा बिशप अथानासियस याचा त्यांना टोचणारा प्रश्न होता. साक्षीदार येशूला मान देतात, पण उपासना केवळ यहोवाची करतात, त्यामुळे तो टोला त्यांना तसाच्या तसा लागत नाही.

तिसरे उत्तर असे, की जन्मापूर्वी पुत्र नव्हताच. येशू हा देवाने निवडलेला आणि पुनरुत्थानानंतर उंचावलेला मनुष्य. सोळाव्या शतकातला फाउस्टस सोसिनस हे मानत असे, तरी ख्रिस्ताला प्रार्थना करायला त्याची हरकत नव्हती. त्याच काळातला ट्रान्सिल्व्हेनियाचा फेरेन्स डाविड हाही येशूला मनुष्यच मानी, पण प्रार्थना केवळ पित्यालाच करावी असे म्हणे, आणि त्याच मतापायी तो १५७९ मध्ये तुरुंगात मरण पावला. चौथे उत्तर नेमके उलट्या टोकाचे आहे: येशू पूर्णपणे देव आहे, इतका, की पिता, पुत्र आणि आत्मा ही त्या एकाच व्यक्तीची तीन रूपे किंवा तीन कार्ये होत. तिसऱ्या शतकात हे मत साबेलियसच्या नावाने ओळखले जाई; विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल चळवळीत ते पुन्हा उभे राहिले, आणि केवळ ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या आज मुंबईतही भेटतात.

ही चार उत्तरे कागदावर मांडून झाली, की गटातल्या प्रत्येकाने आपले मत कोणत्या रकान्यात बसते ते सांगावे. इथे अनेकदा असे दिसते, की आयुष्यभर त्रैक्य रविवार पाळणारी माणसे स्वतःचे मत सांगू लागतात तेव्हा नकळत चौथ्या रकान्यात जाऊन उभी राहतात.

उपमांपासून सावध राहावे

त्यांना तिकडे नेतात त्या उपमा. पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा रविवारच्या शाळेत सर्रास दिली जाते. पण तेच पाणी एका वेळी एकच रूप घेते, त्यामुळे ती साबेलियसची उपमा आहे, निकेयाची नाही. एकच पुरुष बाप, मुलगा आणि नवरा असतो, या उपमेचेही तेच. बेलाचे त्रिदळ घेतले तर चूक उलट दिशेने होते, कारण प्रत्येक दळ हा पानाचा एक तृतीयांश भाग असतो, आणि पुत्र हा देवाचा एक तृतीयांश भाग आहे असे कोणीच मानत नाही.

मराठी माणसाला सर्वांत जवळची वाटते ती त्रिमूर्ती. घारापुरीला जाऊन आलेला प्रत्येक जण ती तीन मुखांची भव्य मूर्ती डोळ्यांपुढे आणतो, आणि दत्ताची तीन मुखेही आपल्या परिचयाची असतात. घारापुरीच्या मूर्तीला लोक त्रिमूर्ती म्हणत असले, तरी अभ्यासक तिला सदाशिवाची मूर्ती मानतात, म्हणजे एकाच शिवाची वेगवेगळी मुखे. आणि ब्रह्मा, विष्णू, महेश ही त्रयी उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामे वाटून घेते. निकेयाच्या शिकवणीत अशी वाटणी नाही. सृष्टी पित्याची, तशीच पुत्राची आणि आत्म्याची. शेजारच्या हिंदू मित्राला समजावून सांगताना त्रिमूर्तीचा आधार घेण्याचा मोह मलाही होतो, पण त्यामुळे त्याला ख्रिस्ती शिकवण कळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या श्रद्धेवरही अन्याय होतो. गटाला मी सांगते, की उपमा द्यायचीच असेल तर ती कुठे मोडते हे त्याच दमात सांगावे.

दुसरा रविवार: मराठी शब्दांची तपासणी

इंग्रजीतली या वादावरची पुस्तके आणि भाषणे पाहून आलेली माणसे तिकडचे युक्तिवाद उचलून आणतात, आणि ते मराठीत बसत नाहीत. म्हणून एक अख्खा रविवार शब्दांना द्यावा. मला स्वतःला या चारही बैठकांमध्ये हीच सर्वांत फलदायी वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिलेच वचन घ्यावे: शब्द देवासह होता आणि शब्द देव होता. इंग्रजीत इथे मोठ्या लिपीतला देव की लहान लिपीतला, असे भांडण होते. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीतच. आणि सर्वांत जुनी ग्रीक हस्तलिखिते एकाच प्रकारच्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असल्यामुळे तो भेद मुळातही नव्हता. खरा मुद्दा ग्रीकमधल्या निश्चयवाचक उपपदाचा, म्हणजे इंग्रजीतल्या ‘the’सारख्या शब्दाचा आहे. ‘देवासह’ म्हणताना ते उपपद आहे, ‘देव होता’ म्हणताना नाही. मराठीत असे उपपद नसल्याने आपल्या वाचकाला ही फट दिसतच नाही. म्हणून कागदावर तीन वाक्ये लिहावीत: शब्द म्हणजेच तो पिता देव होता, शब्द स्वरूपाने देवच होता, शब्द एक देव, म्हणजे देवासारखा सामर्थ्यवान होता. पहिले वाक्य निकेयाचे नव्हे, कारण मग ‘देवासह होता’ याला अर्थ उरत नाही. निकेयाचे वाक्य दुसरे, आणि साक्षीदारांचे तिसरे. साक्षीदार म्हणतील, की एकाच वचनात लेखकाने हा भेद उगाच केलेला नाही, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. त्रैक्यवादी म्हणतील, की त्याच अध्यायात सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वचनात पित्याविषयी बोलतानाही उपपद नाही, तिथे कोणी ‘एक देव’ असे भाषांतर करत नाही; आणि यातही तथ्य आहे. मला दुसरे वाक्य व्याकरणाला आणि अध्यायाच्या ओघाला अधिक धरून वाटते, पण केवळ या एका वचनावर वाद मिटतो असे मी कोणाला सांगत नाही.

मग ‘मी आणि पिता एक आहोत’ हे योहान १०:३० घ्यावे. मराठीतला ‘एक’ लिंगाने बदलत नाही. ग्रीकमध्ये मात्र तो शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ‘एकच व्यक्ती’ असा अर्थ निघत नाही; हे वचन चौथ्या रकान्यातल्या मंडळींना अडचणीचे जाते. पण सतराव्या अध्यायात शिष्यांनी ‘एक व्हावे’ म्हणून येशू प्रार्थना करतो तेव्हा हाच नपुंसकलिंगी शब्द येतो, म्हणून हे वचन एकटे त्रैक्यवाद्यांच्याही उपयोगाचे नाही.

आणखी एक गोष्ट मराठी बायबलच्या वाचकाला सहसा दिसत नाही. जुन्या करारातले देवाचे चार अक्षरी हिब्रू नाव आपल्या भाषांतरांत ‘परमेश्वर’ होते, आणि नव्या करारातला ग्रीक शब्द ‘प्रभू’ होतो. योएल २:३२ मध्ये परमेश्वराच्या नावाचा धावा करणारा वाचेल असे आहे; पौल रोमकरांस पत्र १०:१३ मध्ये तेच वचन घेतो, आणि आधीच्या वचनांचा ओघ पाहिला तर तिथला ‘प्रभू’ म्हणजे येशू. दोन्ही पाने शेजारी उघडून ठेवल्याशिवाय हे लक्षात येत नाही, आणि माझ्या मते त्रैक्याच्या बाजूचा हा फार बळकट पुरावा आहे, कारण पौल येशूला परमेश्वराच्या जागी इतक्या सहजपणे ठेवतो, की त्याला ते सिद्ध करण्याची गरजही वाटत नाही. साक्षीदारांच्या भाषांतरात इथे ‘यहोवा’ असे आहे. नव्या करारात त्यांनी ते नाव २३७ ठिकाणी घातले आहे. मूळ लेखनात ते असले पाहिजे आणि नंतर गळाले, असे त्यांचे म्हणणे आहे. नव्या कराराच्या उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांत मात्र ते कुठेही आढळत नाही.

कलस्सैकरांस पत्र १:१५ मधला ‘ज्येष्ठ’ हा शब्द मात्र मराठीने भाग्याने मिळवला आहे. आपल्याकडे ज्येष्ठ म्हणजे वयाने थोरला, आणि ज्येष्ठ म्हणजे मानाने श्रेष्ठ. ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ ‘प्रथम जन्मलेला’ असा आहे, आणि वाद नेमका या दोन अर्थांमधलाच आहे. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दावीदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा होता. म्हणजे मानाचा अर्थ शक्य आहे. उलट बाजू विचारते, की ‘सर्व उत्पत्तीत’ ज्येष्ठ म्हटले, म्हणजे तो उत्पत्तीतलाच एक नव्हे काय? पुढच्याच वचनात सर्व काही त्याच्या द्वारे निर्माण झाले असे आहे. तिथे साक्षीदारांच्या भाषांतरात ‘इतर’ हा शब्द येतो, जो ग्रीकमध्ये नाही. हे दाखवून द्यावे, पण विजयाच्या सुरात नव्हे.

शेवटी आपला लाडका शब्द ‘व्यक्ती’. एक देव, तीन व्यक्ती, असे आपण पाठ केलेले असते. रोजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे वेगळा माणूस, आणि तीन व्यक्ती म्हटले की तीन देव डोळ्यांपुढे येतात. शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर व्यक्ती म्हणजे जे व्यक्त झाले ते, म्हणजे एकाचीच तीन प्रकटीकरणे, आणि आपण पुन्हा साबेलियसकडे जातो. चौथ्या शतकात कप्पदुकियाचे बासिल आणि दोन ग्रेगरी यांनी ‘एक तत्त्व, तीन हायपोस्टॅसिस’ अशी भाषा घडवली, ती या दोन्ही दऱ्यांमधून वाट काढण्यासाठी. त्यांचा ग्रीक शब्दही आधी वेगळ्या अर्थाने चालत होता, आणि त्यांनी तो राबवून घेतला. आपणही ‘व्यक्ती’ हा शब्द राबवूनच घेतला आहे, हे गटाला स्पष्ट सांगावे.

तिसरा रविवार: जड जाणारी वचने आधी

या दिवशी प्रत्येकाने स्वतःच्या मताला सर्वांत जड जाणारे वचन निवडून आणावे आणि त्यावर विरुद्ध बाजूने पाच मिनिटे बोलावे. माझ्या वाट्याला मी योहान १७:३ घेते, जिथे येशू पित्याला एकच खरा देव म्हणून संबोधतो आणि स्वतःला त्याने पाठवलेला म्हणवतो. मार्क १३:३२ ही तितकेच कठीण आहे: तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. ‘मनुष्य म्हणून त्याला ठाऊक नव्हते’ हे आमचे उत्तर येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्यही आहे, या ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेच्या दोन स्वभावांच्या शिकवणीवर उभे आहे आणि मला ते पटते, पण ते त्या वचनात लिहिलेले नाही, हे मान्य करायला हवे. साक्षीदार नातेवाइकांना मी योहान २०:२८ देते. थोमा पुनरुत्थित येशूला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतो, आणि येशू त्याला आवरत नाही. येशूला केवळ मनुष्य मानणाऱ्यांनी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय घ्यावा, कारण देवाच्या स्वरूपाचा असलेला तो स्वतःला रिक्त करतो, हे जन्मापूर्वीच्या अस्तित्वाशिवाय समजावणे अवघड आहे.

काही पुरावे दोन्ही बाजूंनी सोडून द्यावेत. स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, असे १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरातले १ योहान ५:७ चे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही; ग्रीक नवा करार छापणाऱ्या एरास्मसने १५१६ च्या पहिल्या आवृत्तीत ते घेतले नव्हते, १५२२ मध्ये घेतले. त्रैक्यासाठी ते वापरू नये. त्याचप्रमाणे, ‘त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण अनेक खऱ्या शिकवणींची नावे बायबलमध्ये नाहीत. प्रश्न शब्दाचा नसून आशयाचा आहे.

चौथा रविवार: इतिहास

या बैठकीत एक दंतकथा हमखास निघते, की सम्राट कॉन्स्टंटाइनने त्रैक्य शोधून काढले आणि निकेयात लादले. ती शांतपणे बाजूला करावी. ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने लॅटिनमधला ‘त्रैक्य’ हा शब्द त्याआधी शंभरेक वर्षे वापरला होता, आणि इ.स. ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट ट्राजनला कळवले होते, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो अरियसच्या मित्राच्या, निकोमेडियाच्या युसेबियसच्या हातून. निकेयानंतर अर्धे शतक राजसत्तेचे पारडे अनेकदा विरुद्ध बाजूला झुकले, अथानासियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, आणि पवित्र आत्म्याविषयीचा अंगीकार विस्ताराने आला तो ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर. आपण आज म्हणतो तो विश्वासांगीकार असा हळूहळू आणि भांडत घडलेला आहे.

त्रैक्यवाद्यांनी स्वतःहून सांगावी अशीही एक गोष्ट आहे. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. ते करणारे आमच्या बाजूचे होते. हे समोरच्याने काढण्याआधी मी सांगते, आणि त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही तरी बोलणे पुढे रेटत नाही.

हा वाद परदेशातून आलेला आणि आपल्याला परका आहे, असे कोणाला वाटत असेल तर पंडिता रमाबाईंची पत्रे दाखवावीत. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयीच्या आपल्या शंका तिथल्या शिक्षिकांना स्पष्ट लिहून कळवल्या, आणि केवळ मंडळी म्हणते म्हणून मानायचे, हे त्यांनी स्वीकारले नाही. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये चौपाटीवर शारदा सदन उघडले, आणि पुढे उरलेले आयुष्य बायबलच्या भाषांतराला दिले. गिरगावात प्रार्थना समाजाच्या नाक्यावरून आपण रोज जातो; १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या त्या समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर. त्याआधी १८२१ मध्ये कलकत्त्यात राममोहन रॉय यांच्याशी चर्चा करता करता विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरी स्वतःच युनिटेरियन झाला होता.

घरातले परिणाम

अभ्यास संपला तरी काही प्रश्न राहतात, आणि ते लग्नाच्या वेळी पुढे येतात. कॅथलिक चर्च पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा वैध मानते; यहोवाच्या साक्षीदारांचा मानत नाही, आणि मॉर्मन मंडळीचा बाप्तिस्मा वैध नसल्याचा निर्णय रोमने २००१ मध्ये दिला. म्हणून मिश्र विवाह ठरत असेल तर तारीख आणि हॉल पक्के करण्याआधी फादरांना आणि पाळकांना भेटावे, आणि दुसऱ्या कुटुंबाला हा नियम त्यांच्या श्रद्धेची अवहेलना म्हणून नव्हे, तर या मतभेदाचा परिणाम म्हणून समजावून सांगावा. नाताळाचे आमंत्रण साक्षीदार कुटुंबाला देऊ नये. जानेवारीत एखाद्या साध्या रविवारी जेवायला बोलवावे, ते येतात.

शेवटच्या बैठकीचा शेवटचा अर्धा तास मी १ करिंथकरांस पत्र १५:२८ साठी राखून ठेवते. सर्व काही पुत्राच्या अधीन झाल्यावर पुत्र स्वतःही अधीन होईल, यासाठी की देव सर्वांत सर्व व्हावा, असे तिथे पौल म्हणतो. साक्षीदार नातेवाइकांना हे वचन आपले वाटते, पण ‘देव सर्वांत सर्व’ यावर ते थबकतात. मला अधीनतेपाशी थबकायला होते. गेल्या वर्षी सासूबाईंनी ते रमाबाईंच्या भाषांतरातून मोठ्याने वाचले, मग दुसऱ्या भाषांतरातून पुन्हा वाचले, आणि साडेसात वाजून गेले तरी कोणी उठले नाही.